कादंबरीत बोलतंय कोण? पुण्यातल्या वाचनगटांना आणि ग्रंथालयांना एक खुलं पत्र

प्रति,
पुण्यातील वाचनगटांचे संयोजक आणि त्यांना बसायला जागा देणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांचे कार्यवाह यांस,

सप्रेम नमस्कार.

कादंबरीवरची चर्चा बहुतेक वेळा दोन ठिकाणी अडकते. एक, 'हे खरंच असं घडलं होतं का?' आणि दुसरं, 'मला भावली' किंवा 'मला नाही भावली'. पहिल्या प्रश्नावर इतिहासाचे जाणकार तासभर बोलतात, दुसऱ्यावर कोणालाच पुढे काही बोलता येत नाही, आणि तेवढ्यात चहा येतो. पुस्तक टेबलावर मिटलेलंच राहतं. आम्ही मराठी वाङ्मय शिकवणारे आणि ग्रंथालयांत तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी, करणारे काही जण आहोत. ही अडचण वाचकांच्या कुवतीची नाही, हाताशी असलेल्या शब्दांची आहे, असं आमचं मत आहे. लागणारे बरेचसे शब्द मराठीत आहेतही. ते फार ढिले वापरले जातात.

कल्पित साहित्य म्हणजे 'न घडलेलं' ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. ही दोन वाक्यं घ्या: '१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा आजी देवघरातले टाक घ्यायला परत फिरली.' पहिलं वाक्य पुण्याच्या इतिहासातलं आहे, कोणीही पडताळून पाहावं. दुसरं आम्ही आत्ता रचलं. पण दोन्ही एखाद्या कादंबरीच्या पहिल्या पानावर शेजारी शेजारी आली की त्यांचा दर्जा एकच होतो. कादंबरी चार आणे खरी आणि बारा आणे खोटी, असा हिशेब मांडता येत नाही. आणि तिला खोटं म्हणणंही चूक, कारण खोटं बोलणारा आपण खोटं बोलतोय हे लपवतो. इथे मुखपृष्ठावरच 'कादंबरी' असं छापलेलं असतं.

मग फरक ओळखायचा कसा? आमच्या मते सर्वांत कामाची कसोटी ही: चूक सापडली तर काय होतं ते पाहा. समजा, वरच्या वाक्यात '११ जुलै' असं छापलं गेलं. वर्तमानपत्रात ते आलं असेल तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागेल. इतिहासाच्या पुस्तकात असेल तर परीक्षणकर्ता झोडपेल, आणि ते योग्यच होईल. आठवणींच्या पुस्तकात आपण स्मरणदोष म्हणून समजून घेऊ, पण तारीख तरी चुकीचीच ठरेल. कादंबरीत मात्र आधी विचारावं लागतं की ही तारीख सांगतंय कोण. पुराच्या वेळी सहा वर्षांचा असलेला नातू म्हातारपणी सांगत असेल, आणि त्याच्या घरात ११ जुलैला दुसरंच काही घडल्याचं पुढे कळत असेल, तर ही चूक त्या पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट असू शकते. कोणीही पात्र सांगत नसेल, इतर पानांवर तिचा काही धागाही नसेल, तर ती लेखकाची चूक. पुढच्या आवृत्तीत सुधारावी. म्हणजे कल्पित साहित्यातल्या चुकीला दोन संभाव्य मालक असतात. बाकीच्या लेखनात एकच असतो, तो म्हणजे लेखक.

ही विभागणी आपल्याकडे नवी नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'आख्यायिकोपलब्धार्था' आणि 'प्रबन्धकल्पना कथा' अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. जिचा विषय आधीच उपलब्ध आहे ती आख्यायिका, जी रचलेली आहे ती कथा. बाणभट्टाने दोन्ही लिहिल्या, 'हर्षचरित' आख्यायिका आणि 'कादंबरी' कथा. संस्कृत काव्यशास्त्रकार भामहाने यात सांगणाऱ्याचाही निकष घातला: आख्यायिकेत नायक स्वतःच स्वतःची हकीकत सांगतो, कथेत दुसरा कोणी. दंडी या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने हा निकष उडवून लावला आणि ही एकच जात असून तिला दोन नावं आहेत, असं बजावलं. आम्हाला दंडी अर्धा पटतो. कोण सांगतंय यावरून प्रकार ठरत नाही हे खरं, पण वाचायचं कसं ते मात्र त्यावरूनच ठरतं.

म्हणून चर्चेत 'लेखक म्हणतो' हे शब्द शक्यतो टाळावेत. 'निवेदक म्हणतो' असं म्हणावं. निवेदक म्हणजे पानावर गोष्ट सांगणारा आवाज. हे शिक्षकी नखरे वाटतील, पण हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घेऊन पाहा. 'करमणूक' साप्ताहिक पुण्यातून १८९० मध्ये सुरू झालं आणि त्यातूनच ही कादंबरी वाचकांपुढे आली. सगळी हकीकत यमू 'मी' म्हणून सांगते, लिहिणारे हरिभाऊ. 'लेखक म्हणतो, मला सासरी असं वागवलं' हे वाक्य कोणी उच्चारणार नाही, इतकं ते उघड हास्यास्पद आहे. पण लेखक पुरुष, निवेदक पुरुष, दोघं एकाच गावचे, असं झालं की तीच चूक बिनदिक्कत होते. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली. तेव्हापासून तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर याचं प्रत्येक मत लेखकाच्या खात्यावर टाकण्याची सवय अजून सुटलेली नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला, गोष्ट सांगणारा मास्तरही असाच लेखकात मिसळला जातो. लेखकाने आपल्या आयुष्यातलं कितीही घेतलेलं असो, पानावर बोलतो तो घडवलेला असतो. तो काय सांगतो, काय गाळतो, कुठे थांबतो, हे सगळं कोणीतरी ठरवलेलं असतं.

निवेदकाबद्दल तीन प्रश्न पुरतात: कोण बोलतंय, कधी बोलतंय आणि त्याला किती माहीत आहे. पहिल्याचं उत्तर सहसा पहिल्या पाच-दहा पानांत मिळतं. दुसरा प्रश्न बहुतेक गट विसरतात. घटना घडत असताना बोलणारा 'मी' आणि वीस वर्षांनी मागे वळून बोलणारा 'मी' हे दोन वेगळे आवाज असतात. यमू लहानपण सांगते तेव्हा भोगणारी यमू आणि सांगणारी यमू यांच्यात अंतर आहे. छोटीला जे कळत नव्हतं ते मोठीला कळतं, आणि वाचकाला काही वेळा मोठीपेक्षाही जास्त कळतं. या अंतरातून उपरोध निर्माण होतो. 'भाषा उपरोधिक आहे' असं म्हणणाऱ्याने हे अंतर पानावर बोट ठेवून दाखवावं.

तिसऱ्या प्रश्नासाठी मराठी भाषा फार उदार आहे. 'म्हणे', 'असावा', 'असणार', 'बहुधा', 'कोण जाणे', 'गेला असेल' हे शब्द शोधा. 'तो मुंबईला गेला' आणि 'तो मुंबईला गेला म्हणे' यांत निवेदक बदलतो. पहिला पाहून किंवा खात्रीने सांगतो, दुसरा ऐकीव सांगतो आणि जबाबदारी झटकतो. दोनशे शब्दांच्या एका उताऱ्यात असे शब्द अधोरेखित केले की निवेदकाच्या माहितीची हद्द दिसायला लागते. (उताऱ्याची झेरॉक्स काढा. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलही नको. समासात शेरे मारण्याची पुणेरी परंपरा मोठी आहे, तिला नव्याने उत्तेजनाची गरज नाही.) तृतीयपुरुषी निवेदनात आणखी एक जागा निसटते: 'ती खिडकीशी गेली. आता कोण येणार होतं म्हणा!' दुसरं वाक्य कोणाचं? व्याकरण निवेदकाचं आहे, पण सूर तिचा आहे. अशा वाक्यांना सरसकट 'संज्ञाप्रवाह' म्हटलं जातं, ते बरोबर नाही. संज्ञाप्रवाहात विचारांची उडी, अपुरी वाक्यं, जोडणाऱ्या दुव्यांचा अभाव असतो. इथे फक्त निवेदक तिच्या खांद्याजवळ सरकला आहे, एवढंच.

'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा हल्ली गटांत वरचेवर ऐकू येते. अमेरिकन समीक्षक वेन बूथने १९६१ मध्ये ती रूढ केली. तिचा अर्थ 'खोटारडा निवेदक' एवढाच घेतला तर ती वाया जाते. निवेदक घटना चुकीच्या सांगू शकतो, घटना बरोबर सांगून तिचा अर्थ चुकीचा लावू शकतो, किंवा दोन्ही बरोबर असूनही त्याचं बऱ्यावाईटाचं माप पुस्तकाच्या मापाशी जुळत नाही. यांतला नेमका कोणता प्रकार, हे सांगितल्याशिवाय ती संज्ञा वापरू नये. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' या कर्णावरच्या कादंबरीत सहा जण आपापल्या तोंडाने बोलतात. कोणीही खोटं बोलत नसताना एकाच कर्णाबद्दल त्यांचं सांगणं एकमेकांशी जुळत नाही. गटात सहा जणांना एकेक निवेदक वाटून द्या आणि प्रत्येकाने आपल्या निवेदकाला ठाऊक नसलेली एक गोष्ट शोधून आणायला सांगा. भाषणांपेक्षा हे बरं चालतं.

आता 'कथा' या शब्दाची अडचण. आपण तो साहित्यप्रकारासाठी वापरतो, घडलेल्या घटनांसाठी वापरतो आणि सिनेमाच्या गोष्टीसाठीही वापरतो. निदान चर्चेपुरतं असं ठरवावं: घटना ज्या क्रमाने घडल्या ती गोष्ट, आणि त्या ज्या क्रमाने, ज्या कारणांनी जोडून सांगितल्या ते कथानक. पूर आला, आजी परत फिरली, वाडा पडला, नातू भाड्याच्या खोलीत वाढला, त्याने म्हातारपणी टाक सोनाराला दाखवले: ही गोष्ट. पुस्तक सोनाराच्या दुकानात सुरू होत असेल आणि आजी का परत फिरली ते शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळत असेल, तर ते कथानक. कागदाची घडी घालून दोन रकाने करा. डावीकडे घडण्याचा क्रम, उजवीकडे सांगण्याचा. एकाच घटनेच्या दोन्हीकडच्या नोंदी रेघेने जोडा. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे विचारा की ही माहिती इतका वेळ का रोखून धरली. उत्तर 'उत्सुकता ताणण्यासाठी' एवढंच येत असेल तर ते कथानक बहुधा पोकळ आहे. माहिती उशिरा मिळाल्यामुळे आधीच्या पानांचा अर्थ बदलत असेल तर काही तरी साधलं आहे. बारा-पंधरा घटना पुरेत. चाळीस घटनांची यादी करत बसलेल्या गटाची संध्याकाळ त्यातच जाते.

'संथ आहे' या तक्रारीचंही असंच. किती पानांत किती काळ जातो ते मोजा. एका दिवसाला साठ पानं आणि पुढच्या दहा वर्षांना एक परिच्छेद, असं प्रमाण निघालं तर लेखकाला काय महत्त्वाचं वाटलं ते आकड्यांतच दिसतं. मग ते तुम्हाला पटतं का, यावर खुशाल भांडा.

विषय आणि आशयसूत्र वेगळं ठेवायला वेळ लागत नाही. विषय एका नामात सांगता येतो: 'पानशेतचा पूर'. आशयसूत्राला वाक्य लागतं: 'नुकसानभरपाईच्या अर्जात जे लिहिता आलं नाही तेच माणसाला आयुष्यभर छळतं.' 'वेगळा विषय हाताळला आहे' ही स्तुती म्हणूनच फारशी काही सांगत नाही. पात्र आणि व्यक्तिरेखा, वातावरण आणि स्थळ, प्रतीक आणि प्रतिमा यांच्या व्याख्यांवर मात्र गटाने वेळ घालवू नये. त्यासाठी वाङ्मयीन संज्ञांचे मराठी कोश आहेत, एक प्रत टेबलावर असू द्यावी.

'शेवट पटला नाही' हे वाक्य आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतं, कारण त्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एक, असं घडणं शक्यच नाही. दोन, जगात घडेल, पण या माणसाकडून घडणार नाही. तीन, घडेल, याच माणसाकडून घडेल, पण मला ते नको होतं. पहिली तक्रार संभाव्यतेची, दुसरी व्यक्तिरेखेच्या सुसंगतीची, तिसरी वाचकाच्या इच्छेची. दुसरी तक्रार करणाऱ्याने आधीची दोन पानं दाखवावीत, जिथे ते पात्र वेगळं वागलं आहे. दाखवता आली नाहीत तर तक्रार बहुधा तिसरीच असते. ती गैर नाही, फक्त पुस्तकाचा दोष म्हणून नोंदवू नये. 'ओघवती', 'खिळवून ठेवणारी', 'हृदयस्पर्शी' या शब्दांवर बंदी घालायला आम्ही सांगणार नाही. संयोजकाने फक्त 'कोणतं पान?' एवढं शांतपणे विचारावं.

ऐतिहासिक कादंबरीला वेगळी व्यवस्था लागते, आणि पुण्यात तर नक्कीच. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. तिचे नायक थोरले माधवराव पेशवे यांच्याबद्दल अनेकांच्या मनात जे चित्र आहे ते पेशवे दप्तरातून आलेलं नाही, कादंबरीतून आलेलं आहे, आणि तरी चर्चेत ते पुरावा म्हणून मांडलं जातं. इथे तीन रकाने करावेत: कागदपत्रांत सापडणारं, कागदपत्रांशी न भांडणारं पण रचलेलं, आणि कागदपत्रांविरुद्ध जाणारं. नवरा-बायकोचं रात्रीचं बोलणं जवळजवळ नेहमी दुसऱ्या रकान्यात पडतं, कारण त्याची नोंद कोण ठेवणार? खरी चर्चा तिसऱ्या रकान्यावर व्हायला हवी: लेखकाने जाणून वळण घेतलं का, आणि त्यातून काय मिळवलं? पडताळणीला पंधरा मिनिटं द्या, घड्याळ लावून. मात्र लेखकाची प्रस्तावना, मनोगत आणि शेवटची संदर्भसूची हा कल्पिताचा भाग नव्हे. तिथे लेखक स्वतःच्या नावाने बोलतो. तिथे 'अस्सल कागदपत्रांवर आधारित' असा दावा असेल तर तो इतिहासाच्या कसोटीला लावावा, आणि मग 'कादंबरीच तर आहे' ही पळवाट देऊ नये. 'सर्व पात्रे काल्पनिक असून' हे वाक्यही कादंबरीतलं नव्हे. ते वकिलाचं आहे. ज्या इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, त्यांनीच १९०२ मध्ये कादंबरीवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. कागदपत्रांचा माणूस कादंबरीला कमी लेखतोच असं नाही.

आता कार्यवाहांसाठी. वाचकाच्या डोक्यातली सरमिसळ पुष्कळदा कपाटापासून सुरू होते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६. त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध ८९१.४६४. रंगनाथनांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत वापरणाऱ्यांकडे मराठी कादंबरी 'ओ १५५,३' खाली येते. पेशव्यांवरची कादंबरी पेशव्यांच्या इतिहासाशेजारी, ९५४ मध्ये, ठेवण्याचा मोह होतो, कारण वाचक तिथेच शोधतो. ठेवू नका. विषयनोंदीत 'पेशवे – कथा-कादंबरी' असं जोडा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल आणि जागाही चुकणार नाही. संगणकीय तालिकेत मार्क २१ हा नोंदींचा ठरीव साचा वापरत असाल तर ००८ क्षेत्रातली ३३वी जागा तपासा. तिथे '०' म्हणजे कल्पित नाही, '१' म्हणजे कल्पित, 'एफ' कादंबरी, 'जे' कथासंग्रह. जिथे नोंदीच्या साच्यात शून्य आधीच भरलेला असतो आणि घाईत तो कोणी बदलत नाही, तिथे कादंबऱ्या यादीत कथेतर म्हणून बसतात आणि शोधताना गाळल्या जातात. महिनाभराची नवी खरेदी काढून एवढी एक जागा पाहिली तरी अंदाज येईल.

'ललित' नावाचं कपाट हे दुसरं दुखणं. कोणी ललित म्हणजे सगळं सर्जनशील लेखन समजतो, कोणी फक्त ललित गद्य. परिणामी ललित निबंध, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्रं आणि मधूनच एखादा कथासंग्रह एकाच फळीवर येतो. 'ललित गद्य' अशी पूर्ण पाटी लावा. व्यक्तिचित्रांतली माणसं खरी की रचलेली, हे पुस्तकात सांगितलेलं नसेल तर अंदाजाने ठरवू नका, ललित गद्यात ठेवा. आत्मकथनं चरित्र-आत्मचरित्राकडे जावीत, निवेदनाची रीत कादंबरीसारखी असली तरी. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये लेखकाचीच दोन रूपं, दगडू मारुती पवार आणि दया पवार, समोरासमोर बसून बोलतात म्हणून ते कल्पित होत नाही. मांडणी कलात्मक आहे, हमी मात्र जगलेल्या आयुष्याची आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. गट दहा-बारा जणांचा आणि वेळ दीड तासाचा धरला तर दोन आठवडे आधी एक पानाचा उतारा वाटावा. पहिला अर्धा तास त्या उताऱ्यावर निवेदकाच्या तीन प्रश्नांना, पुढचा अर्धा तास दोन रकान्यांच्या कागदाला, उरलेला वेळ मतांना. मतं आधी घेतली की बाकी काही होत नाही. लेखकाला बोलावणार असाल तर चर्चा त्याच्या येण्याआधी उरका, किंवा आदल्या बैठकीत करा. लेखक समोर बसला की 'हे तुमच्याच आयुष्यातलं ना?' हाच प्रश्न फिरत राहतो, आणि निवेदकाकडे कोणी पाहत नाही. लेखकाला विचारण्याजोगे प्रश्न वेगळे असतात: निवेदक लिहिता लिहिता बदलला का, कोणतं प्रकरण काढून टाकलं, शेवट आधी ठरला होता का. ते तीन-चार प्रश्न गटाने लिहून त्याला आठवडाभर आधी पाठवावेत.

आपले,
मराठी वाङ्मयाचे काही अध्यापक आणि तालिकाकार
पुणे